वर्गात मोठ्यानं वाचलेली नावं

कनिष्ठ महाविद्यालयात मी मानसशास्त्र शिकवायचो. समाजशास्त्राचे तासही बरीच वर्षं माझ्याकडेच होते. पुस्तकं दोन, पेपर दोन. आत्मप्रतिमा, प्रेरणा, बुद्धिमत्ता एकीकडे. दर्जा, भूमिका, सामाजिकीकरण दुसरीकडे. परीक्षेच्या सोयीसाठी ही वाटणी ठीक आहे. पण समोर बसलेलं मूल समजून घ्यायचं तर ती मोडावीच लागते, असं माझं ठाम मत आहे.

चार्ल्स कूली या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं 1902 मध्ये ‘आरशातला स्व’ ही कल्पना मांडली. आपण इतरांना कसे दिसत असू, ते आपल्याबद्दल काय मत करून घेत असतील आणि त्या मतानं आपल्याला अभिमान वाटतो की शरम, यातून माणसाची स्वतःबद्दलची समजूत घडत जाते. लोक तोंडानं काय म्हणतात याच्या आधी, ते काय म्हणत असतील हा आपला अंदाज कामाला लागलेला असतो. मुलं हा अंदाज फार लवकर बांधतात. सर कोणाकडे बघून प्रश्न विचारतात, कोणाच्या उत्तरासाठी थांबतात आणि कोणाला ‘बस खाली’ म्हणून पुढे जातात, हे जूनमध्येच त्यांच्या लक्षात आलेलं असतं.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टननं 1948 मध्ये याची दुसरी बाजू दाखवली. एखादी खोटी समजूत धरून लोक वागू लागले की त्या वागण्यामुळेच ती समजूत खरी होते. त्याचं उदाहरण बँकेचं होतं. बँक बुडणार अशी अफवा उठते, ठेवीदार पैसे काढायला धावतात आणि चांगली चाललेली बँक खरोखरच बुडते.

हेच शाळेत घडतं का, हे रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत तपासलं. मुलांची चाचणी घेऊन शिक्षकांना काही नावं दिली: ही मुलं यंदा चमकणार आहेत. नावं प्रत्यक्षात कशीही, डोळे मिटून काढावीत तशी काढलेली होती. 1968 साली त्यांचं पुस्तक आलं. त्या ‘चमकणाऱ्या’ मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा जास्त वाढल्याचं त्यांनी मांडलं, आणि ही वाढ मुख्यतः पहिली-दुसरीतल्या मुलांची होती. यावर टीकाही झाली. वापरलेली चाचणी इतक्या लहान मुलांसाठी विश्वासार्ह नव्हती, हा आक्षेप गंभीर होता. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं की शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम सरसकट बघितला तर बेताचाच असतो, पण ज्या समूहांना समाजानं आधीच कमी लेखलेलं आहे, त्यांच्या मुलांवर तो बराच मोठा असू शकतो. मला ही दुरुस्ती मूळ प्रयोगाइतकीच मोलाची वाटते.

समाजानं कमी लेखल्याचा परिणाम आपल्या देशात पाहायचा असेल तर कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला प्रयोग वाचावा. सहावी-सातवीतले मुलगे, काही वरच्या जातींतले, काही दलित. काम साधं: कागदावर छापलेल्या भुलभुलैयातून पेन्सिलीनं वाट काढायची. जितके सुटतील तितके पैसे. कोणाचीही जात उच्चारली गेली नाही तेव्हा दोन्हीकडच्या मुलांनी जवळजवळ सारखेच भुलभुलैये सोडवले. मग दुसऱ्या गटांमध्ये सुरुवातीलाच प्रत्येकाचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. एवढ्यावर दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. बुद्धी तीच, पेन्सिल तीच, कागद तोच. बदललं ते एवढंच, की खोलीतल्या प्रत्येकाला प्रत्येकाची जात ठाऊक आहे, हे आता जाहीर झालं होतं.

हा प्रयोग वाचल्यावर मला आपल्या वर्गातली एक नेहमीची गोष्ट निराळी दिसायला लागली. तास चालू असतो. शिपाई नोटीसवही घेऊन दारात येतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेले असतात. वही हातात घेऊन शिक्षक वाचतात: एससी, एसटी, ओबीसी, एनटी, ज्यांचे फॉर्म राहिलेत त्यांनी हात वर करा. काही हात सरळ वर जातात. काही खांद्यापर्यंत येऊन थांबतात. एक मुलगी मैत्रिणीकडे न बघता, बाकावर कोपर टेकवून, फक्त बोटं उचलते. मागून कोणीतरी मान वळवून मोजतो. मग जातीच्या दाखल्याची झेरॉक्स कोणी दिली नाही, यावर दोन मिनिटं मोठ्यानं चर्चा. नोटिशीवर सही होते, शिपाई जातो, आणि ‘हं, कुठे होतो आपण?’ म्हणून गणित पुढे सुरू होतं. त्या मुलीनं गणित त्याच मनानं पुढे सुरू केलं असेल, असं मला वाटत नाही.

यात कोणाच्याही मनात वाईट नसतं. शिष्यवृत्ती हा त्या मुलांचा हक्क आहे आणि तो मिळालाच पाहिजे. म्हणूनच तर तो असा चारचौघांत उभं करून देण्याचं काही कारण नाही.

तुकड्यांचंही तसंच. गुणांवरून ‘अ’, ‘ब’, ‘क’ पाडणाऱ्या शाळा अजून आहेत. एका पातळीची मुलं एकत्र असली की शिकवायला सोपं जातं, असं सांगतात. सोपं जातं हे खरं, पण कोणाला? ‘क’ तुकडीतलं दहा वर्षांचं मूल रोज पाटीवर आपली पातळी वाचत वर्गात शिरतं. अनुभवी शिक्षक बहुतेक ‘अ’ला मिळतात. वर्षाअखेर ‘क’चा निकाल कमी लागतो आणि तुकडी बरोबर पाडली होती, याचा पुरावा म्हणून तोच दाखवला जातो. मर्टनची बँक यापेक्षा वेगळी नव्हती. ज्यांना वाचन किंवा भागाकार जमत नाही त्यांना जादा तास जरूर द्यावा, आणि तो मिश्र वर्गात ठेवूनही देता येतो.

मुख्याध्यापकांकडे आणि वर्गशिक्षकांकडे माझ्या दोन मागण्या आहेत, आणि दोन्हींना पैसा लागत नाही. येत्या जूनमध्ये तुकड्या आडनावाच्या अक्षरानं किंवा गुणांनी पाडू नका, चिठ्ठ्या टाकून पाडा. आणि शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचू नका. मधल्या सुट्टीत एकेकाला कार्यालयात बोलावून फॉर्म हातात द्या.