मांडवातले सात दिवस

यहुद्यांचा सुक्कोथ हा सण मराठी बायबलात ‘मांडवांचा सण’ या नावाने येतो. शब्द चपखल आहे. मांडव घालायचा तो सोडण्यासाठीच, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. तिश्री महिन्याच्या पंधराव्या दिवशी, धान्य आणि द्राक्षारस घरात आल्यावर, श्रद्धाळू यहुदी कुटुंब पक्के घर सोडते आणि सात दिवस मांडवात जेवते, जमल्यास तेथेच निजते. छत छाटलेल्या फांद्यापानांचे हवे. उन्हाहून सावली अधिक पडावी, तरी रात्री तारे दिसावेत असा प्रघात आहे. मिश्ना या धर्मग्रंथातील एक तपशील मोठा हृद्य आहे: पावसाने ताटातली लापशी बिघडू लागली, तर खुशाल घरात यावे. हे व्रत आहे, देहदंड नव्हे.

वल्हांडण आणि पन्नासावा दिवस या यहुदी सणांना आम्ही ख्रिस्ती लोकांनी नवा अर्थ देऊन आपल्या पंचांगात स्थान दिले. हा तिसरा सण मात्र मागेच राहिला. वास्तविक, योहानाच्या शुभवर्तमानात येशू याच सणासाठी यरुशलेमेस जातो. डोंगरावर त्याचे तेजस्वी रूप पाहून गोंधळलेला पेत्र तीन मांडव घालू म्हणतो. क्षण धरून ठेवण्यासाठी त्याला सुचावा तोही मांडवच! पौलाचा तर धंदाच तंबू करण्याचा. देहाला तो तंबू म्हणतो ते कारागिराच्या अनुभवाने, पण त्याची दृष्टी लगेच स्वर्गातील अक्षय घराकडे वळते. आमची प्रवचनेही बहुधा तिकडेच धावतात. मांडवाचा सण तितकी घाई करीत नाही. अनुवादाच्या पुस्तकात या दिवसांत आनंद करण्याची आज्ञाच आहे, आणि त्या आनंदात दास, उपरा, अनाथ, विधवा यांनाही वाटा आहे. अनेक सभास्थानांत याच सणात ‘उपदेशक’ वाचले जाते. त्यातील ‘हेवेल’ या हिब्रू शब्दाचे आपण ‘व्यर्थ’ असे भाषांतर करतो. मूळ अर्थ श्वास, वाफ. श्वास टिकत नाही, म्हणून तो व्यर्थ कसा?

येथे ख्रिस्ती माणसाने थोडे अडखळावे. १२९० मध्ये इंग्लंडने आणि १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना देशाबाहेर घालविले. भटक्या यहुद्याची दंतकथा रचून त्यांच्या बेघरपणाला ईश्वरी शिक्षा ठरविले तेही ख्रिस्ती युरोपनेच. जो समाज स्वेच्छेने सात दिवस घर सोडत होता, त्याच्या घराचे दारच आम्ही बंद केले. तेव्हा ‘जीवन क्षणभंगुर आहे’ हे वाक्य कोण कोणाला ऐकवीत आहे, हे पाहिल्यावाचून मला ते आता उच्चारवत नाही.

मिश्नात आणखी एक चर्चा आहे: पाऊस केव्हापासून मागावा? शेतीला तो लवकर हवा. तरी रब्बान गमलिएलाच्या मते सणानंतर पंधरा दिवस थांबावे. यात्रेहून परतणारा शेवटचा माणूस तोवर फरात नदीपर्यंत पोचलेला असावा.