फुकटच्या जेवणाला नावं ठेवावीत का?

रोवणीच्या दिवसांत सडक अर्जुनी तालुक्यातली गावं सकाळीच रिकामी होतात. बाया चिखलात, बांध्यांमध्ये. अनेक घरांतली चूल मग थेट संध्याकाळीच पेटते. अशा दिवशी शाळेतली दुपारची खिचडी हे मुलांचं मुख्य जेवण असतं.

समजा, तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "भात करपलाय, नको मला." आपण काय म्हणू? बहुतेक हेच: "फुकटात मिळतंय ना? मग खा गुपचूप."

या उत्तरात एक गडबड आहे. दान घेणाऱ्याने आभार मानावेत, ठीक. पण हे दान नाही. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण द्यायचा आदेश दिला. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने तो मुलांचा हक्क केला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, असं मापही ठरलंय. ज्याचा हक्क आहे, तो हिशेब मागणारच.

हिशेब सरकारही ठेवतं. तांदूळ किती, डाळ किती, हजर मुलं किती. केंद्रप्रमुख येतात, गटशिक्षणाधिकारी येतात, रजिस्टर बघतात. पण रजिस्टरला 'किती' कळतं, 'कसं' कळत नाही. म्हणूनच वाढण्याआधी शिक्षकाने जेवण चाखायचं, अशी सूचना आहे. सूचना चांगलीच आहे. पण चव नोंदवहीत 'उत्तम' लिहायला घास खावाच लागतो असं नाही.

१६ जुलै २०१३ला बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. जेवणात कीटकनाशक होतं. चव विचित्र लागतेय असं मुलं म्हणाली होती, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. म्हणजे तपासणी झाली होती, मुलांच्या जिभेने. फक्त तिला कुणी तपासणी मानलं नाही.

कुणी म्हणेल, मुलं तर दुधी भोपळ्यालाही नाक मुरडतात. खरंय. प्रत्येक तक्रार खरी नसते. पण ती खरी की खोटी हे ठरवायचा रस्ता एकच आहे: त्याच ताटातला घास आपण खाऊन बघायचा. आणि खरी निघाली तर सगळा राग स्वयंपाकीण ताईंवर काढायचा नाही. तुटपुंज्या मानधनावर त्या राबतात. डाळच कमी आली असेल, तर वरण पातळ होणारच.

ती तिसरीतली मुलगी धान पिकवणाऱ्या मुलखातली आहे. भात करपलाय का, हे तिला गाडीतून आलेल्या साहेबांपेक्षा आधी कळेल. चव नोंदवहीत तिच्यासाठी एक रकाना ठेवला, तर बिघडेल काय?