खरी चांदी, खोटा ठसा

लंडनच्या लिलावगृहांत जुनीं चांदीचीं भांडीं विक्रीस निघतात, तेव्हां यादींत प्रत्येक नगापुढें कारागिराचें नांव, गांव, साल आणि वजन दिलेलें असतें. जाणता गिऱ्हाईक कॉफीचें पात्र हातीं घेतो तें आधीं उलटें करून पाहतो. घाट आणि नक्षी मागाहून. आपल्याकडे सराफ कसोटीवर कस पाहतो; तिकडे तें काम बुडाशीं मारलेल्या ठशावर सोंपविलेलें आहे.

हा ठसा फार जुना. 1300 सालीं पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्यानें चांदीचा कस ठरला: हजार भागांत 925 भाग शुद्ध चांदी. त्या कसास उतरलेल्या वस्तूवरच बिबळ्याच्या मुखाचा ठसा मारावयाचा. 1363 मध्यें कारागिराची स्वतःची खूण आली आणि 1478 मध्यें वर्षाचें अक्षर. परंतु 1720 सालीं चांदीच्या वस्तूंवर दर औंसास सहा पेन्स कर बसला, आणि ठसा घेणें म्हणजे कर भरणें असें झालें. तेव्हां कित्येक कारागिरांनीं एक युक्ति काढली. एखादी हलकी, लहानशी वस्तु नेऊन तिच्यावर थोडका कर भरून ठसा घ्यावयाचा. मग तेवढा तुकडा कापून जड पात्राच्या बुडाशीं सफाईनें डागावयाचा.

असें करणारांत पॉल द लामरी होता, हें वाचून आम्हांस खेद झाला. धर्मच्छळामुळें देश सोडलेल्या फ्रेंच कुटुंबांतला हा पुरुष अठराव्या शतकांतल्या लंडनचा अग्रगण्य रौप्यकार. त्याच्या भांड्यांना आजहि लिलावांत मोठी किंमत येते.

येथें प्रश्न उभा राहतो तो असा: चांदी खरी, काम अप्रतिम, वजन पुरेपूर, मग ठसा दुसरीकडून आणलेला असला म्हणून बिघडलें काय? गिऱ्हाइकाचें नुकसान झालें नाहीं. बुडाला तो सरकारचा कर. असा कर चुकविणारास चोर म्हणावयास पुष्कळ सज्जनांची जीभ रेटत नाहीं, हें आम्ही जाणून आहों.

तरी आम्हांस हा युक्तिवाद पटत नाहीं. पहिली गोष्ट, शेजारचा जो कारागीर मुकाट्यानें कर भरीत होता, त्याचा माल तेवढ्यानें महाग झाला. त्याच्या प्रामाणिकपणाचा दंड त्यालाच भरावा लागला. दुसरी गोष्ट याहून मोठी. ठसा हा कोणा एका कारागिराच्या मालकीचा नव्हे. चारशें वर्षें असंख्य अनाम माणसांनीं आपला माल कसास लावून घेतला, म्हणून त्या चिमुकल्या बिबळ्यावर लोकांचा विश्वास बसला. लामरीनें आपली चांदी खोटी केली नाहीं. पण दुसऱ्यांनीं सांठविलेल्या विश्वासांतून परवानगीवांचून उचल केली. 1758 सालीं तो कर उठला आणि त्याबरोबरच ठशाची बनावट करणारास देहान्ताची शिक्षा ठरली. ती शिक्षा क्रूर होती यांत शंका नाहीं. परंतु विश्वासाची किंमत लोकांस किती वाटत होती, हें तीवरून दिसतें.

मग असें पात्र मोडून टाकावें काय? मुळींच नव्हे. सौंदर्याचा त्यांत अपराध नाहीं. तें जपावें, पण त्याची हकीकत झांकूं नये. यादींत घाटाच्या वर्णनाशेजारीं बुडाच्या डागाचेंहि वर्णन असावें.

आणि त्या कारागिरास बोल लावतांना आपणहि जरा थबकावें. लहान कामांत मिळविलेला भरंवसा कापून मोठ्या कामाच्या बुडाशीं डागण्याचा मोह सराफ्याबाहेरहि होतो. एका सभेंतला खरेपणा दुसऱ्या सभेंतल्या गैरहिशेबावर, वडिलांची कीर्ति मुलाच्या आळसावर, अशीच डागली जाते. वरून पाहणारास सांधा दिसत नाहीं. भांडें उलटें करण्याची तसदी कोणी घेतली, तरच तो दिसतो.