नेणारें कीं मारणारें?

गेल्या खंडेनवमीस आमच्या घरीं नेहमींप्रमाणें हत्यारांची पूजा मांडली होती. हत्यारें म्हणजे काय, तर विळी, कोयता, एक जुनी करवत, शिवणाचें यंत्र आणि आमची लेखणी. मध्यभागीं मात्र पणजोबांची म्हणून सांगितली जाणारी एक बोथट कट्यार. आमच्या बारा वर्षांच्या पुतण्यानें त्या ओळीच्या शेवटीं आपलें एक लहानसें विमान आणून ठेवलें. दोन महिने खपून, तुकड्यास तुकडा चिकटवून त्यानें तें तयार केलें होतें. १९४० सालच्या स्पिटफायर विमानाची ती प्रतिकृति होती. पूजा करणाऱ्या आमच्या आत्याबाई कुंकवाचें बोट तसेंच वर धरून थांबल्या.

"हें रे काय?"

"विमान, आजी. लढाऊ आहे."

"तें दिसतेंच आहे. माणसें नेणारें कीं मारणारें?"

मुलानें आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं उगाच समईची वात सारखी केली. आत्याबाईंनीं कट्यारीस कुंकू लावलें, करवतीस लावलें, लेखणीस लावलें. विमानास लावलें नाहीं.

प्रश्न मुलास विचारला होता खरा, पण तो लागला आम्हांस. कारण हें वेड त्यास आमच्याकडूनच लागलें आहे. जुन्या विमानांचा, त्यांतहि लढाईंत वापरलेल्या आणि पुढें कोणीं तरी जिवापाड मेहनत करून पुन्हां उडतीं केलेल्या विमानांचा आम्हांस पुष्कळ वर्षांपासून नाद आहे. आम्हीं आजन्म लेखणीपलीकडे हत्यार धरलें नाहीं. युद्धाच्या बातम्या वाचल्या कीं आमची झोंप उडते. आणि तरीहि मर्लिन एंजिनाचा तो बारा सिलिंडरांचा गंभीर घोष ध्वनिमुद्रणांत जरी ऐकूं आला, तरी हातचें काम थांबतें. एकाच मनांत या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं कशा नांदतात याचा आम्हीं आत्याबाईंनीं विचारीपर्यंत कधीं विचार केला नव्हता.

हें वेड कोणत्या थरास जातें हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं एक हकीकत सांगतों. तिचा निम्मा भाग आपल्याच देशांत घडलेला आहे. आर ४११८ या क्रमांकाचें एक हरिकेन विमान १९४० सालीं ब्रिटनच्या आकाशांतील लढाईंत ४९ वेळां शत्रूवर चालून गेलें, आणि पांच विमानें पाडल्याचें श्रेय त्याच्या नांवावर जमा झालें. १९४३ च्या अखेरीस तें जहाजानें हिंदुस्थानाकडे पाठविलें गेलें, परंतु येथें तें लढलें नाहीं. १९४७ सालीं एंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना शिकण्यास उपयोगी पडावें म्हणून तें बनारस हिंदु विश्वविद्यालयास देण्यांत आलें, आणि शिकविण्याच्याहि कामाचें राहिलें नाहीं तेव्हां उघड्यावर पडून राहिलें. १९८२ सालीं पीटर व्हॅचर नांवाचा, जुन्या मोटारींचा शौकीन असा एक इंग्रज गृहस्थ तेथें आला असतां त्याच्या तें दृष्टीस पडलें. तें त्याच्या मनांतून कांहीं जाईना. अखेर २००१ सालीं तें त्याच्या हातीं आलें, आणि डिसेंबर २००४ मध्यें इंग्लंडांत तें पुन्हां उडालें. दृष्टीस पडल्यापासून आकाशांत चढेपर्यंत बावीस वर्षें गेलीं! लग्न जमविण्यास इतकीं वर्षें लागलीं असतीं तर मुलीच्या बापानेंहि आशा सोडली असती.

बनारसच्या ज्या विद्यार्थ्यांना तें जातां येतां भंगार दिसलें, त्यांची दृष्टि मंद होती असें आम्ही म्हणणार नाहीं. तें भंगारच होतें. पाऊस, ऊन आणि गंज यांनीं त्याचें जें केलें होतें तेंच त्यांनीं पाहिलें. मग व्हॅचर यांनीं काय पाहिलें? जें होतें तें पाहिलें, कीं जें होऊन गेलें होतें तें?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. असें विमान पुन्हां उडवावयाचें म्हणजे गंजलेले दांडे, झिजलेले रिव्हेट, फाटलेला पत्रा, कुजलेलें कापड हें सर्व बदलावें लागतें. वैमानिकाचा जीव त्यावर अवलंबून असल्यानें येथें भिडस्तपणा चालत नाहीं. कित्येक विमानांच्या बाबतींत शेवटीं जुनें असें थोडेंच उरतें. कधीं कधीं कारखान्यानें ठोकलेली क्रमांकाची एक वीतभर पट्टी आणि तिच्यामागचीं कागदपत्रें एवढाच काय तो मूळचा ऐवज. मग हें विमान तेंच म्हणावें काय? आपल्याकडे जीर्णोद्धार केलेल्या देवळास कोणी नवें देऊळ म्हणत नाहीं. दगड बदलले तरी स्थान आणि देव तेच राहतात. विमानास स्थान नाहीं. तेव्हां त्याचा देव कोणता, एवढाच प्रश्न राहतो.

आपल्या वायुदलापाशीं या प्रश्नाचें एक फार बोलकें उदाहरण आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं शीख पलटणीचे सैनिक श्रीनगरच्या धांवपट्टीवर उतरले, ते ज्या डाकोटा विमानांतून गेले त्यांपैकीं एकाचा क्रमांक व्ही. पी. ९०५ असा होता. २०१८ सालीं श्री. राजीव चंद्रशेखर यांनीं वायुदलांतून निवृत्त झालेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ एक जुनें डाकोटा विकत घेऊन, इंग्लंडांत दुरुस्त करवून वायुदलास भेट दिलें. तें कोव्हेंट्रीहून टप्प्याटप्प्यानें स्वतःच्या पंखांनीं उडत हिंदुस्थानांत आलें. त्यास परशुराम असें नांव ठेवलें, आणि क्रमांक दिला व्ही. पी. ९०५. म्हणजे विमान निराळें, आणि नांव मात्र त्या पहिल्याचें. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपली चालच आहे. नातू म्हणजे आजोबा अशी कोणाची समजूत होत नाहीं, आणि तरीहि हांक मारतांना घरांतील वडील माणसांचा आवाज किंचित् बदलतो. त्या विमानाकडे पाहणाऱ्या वृद्ध सैनिकाचें असेंच होत असावें, असें आम्हांस वाटतें.

डाकोटाचें नांव निघालें तेव्हां आम्हीं आत्याबाईंस मोठ्या उत्साहानें सांगितलें कीं हें नेणारें विमान, मारणारें नव्हे. फाळणीच्या वेळीं याच जातीच्या विमानांनीं निर्वासित वाहून आणले. पण सत्य लपविण्यांत अर्थ नाहीं. त्याच काश्मीरच्या युद्धांत पुंछकडे याच जातीच्या विमानांतून दारांतून ढकलून बाँब टाकले गेले. नेणारें केव्हां मारणारें होईल याचा भरंवसा नाहीं. ही विभागणी आम्हांस हवी होती. ती आम्हांस मिळाली नाहीं.

मग आम्हीं दुसरी पळवाट शोधली. आपण सौंदर्यावर प्रेम करतों, कार्यावर नव्हे, असें मनास समजाविलें. स्पिटफायरचा पंख ज्यानें पाहिला आहे त्यास हें पटण्यासारखें आहे. लंबवर्तुळाकार, टोंकाकडे निमुळता होत गेलेला असा तो पंख एखाद्या पक्ष्यासहि शोभेल. त्याचा कर्ता आर. जे. मिचेल, विमान ५ मार्च १९३६ रोजीं प्रथम उडालें, आणि पुढच्याच वर्षीं, आपल्या कृतीनें युद्धांत काय केलें हें पाहण्यापूर्वींच, तो वारला. पण तो आकार असा कां, याची चौकशी करूं लागलों तेव्हां आमची पळवाटहि बंद झाली. पंख वेगासाठीं पातळ हवा होता, आणि त्याच पातळ पंखांत चाकें आणि बंदुका मावावयास हव्या होत्या. त्या ओढाताणींतून ती रेषा निघाली. म्हणजे ज्या वळणावर आम्ही लुब्ध झालों तें वळण बंदुकांना जागा करून देण्यासाठींहि आहे. मोराचा पिसारा बाजूस सारून मोर पाहतां येतो. येथें तसें करतां येत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, आपण किल्ल्यांवर जाऊन मुलांना तोफांवर बसवितों आणि छायाचित्रें काढतों, तेव्हां हा विचार कोठें जातो? खरें आहे. काळ गेला म्हणजे रक्त वाळतें. परंतु तें किती काळानें वाळलें असें समजावें, आणि समजण्याचा अधिकार कोणाचा? हिरोशिमावर बाँब टाकणारें एनोला गे हें विमान कित्येक वर्षें सुटें करून ठेवलें होतें. १९८४ सालीं अमेरिकेंतील स्मिथसोनियन संस्थेनें त्याची दुरुस्ती हातीं घेतली, आणि तींत सुमारें ३,००,००० तासांचें मनुष्यबळ खर्चीं पडलें. १९९५ सालीं त्याचा कांहीं भाग प्रदर्शनांत मांडतांना खालीं काय मजकूर लिहावा यावरून इतका गदारोळ झाला कीं मूळ योजना सोडून द्यावी लागली आणि संग्रहालयाच्या संचालकांस राजीनामा द्यावा लागला. २००३ पासून तें विमान वॉशिंग्टनजवळच्या एका विस्तीर्ण दालनांत अखंड उभें आहे, आणि त्याचा पत्रा आरशासारखा चमकतो. विमान पुसावयाचें कीं नाहीं, हा वादच नव्हता. वाद होता तो त्याच्याविषयीं बोलावयाचें किती, याचा. पत्रा जसजसा स्वच्छ होत गेला तसतशी शेजारची पाटी आंखूड होत गेली, असें जें तेथें घडलें, तेंच आमच्यासारख्या प्रत्येक वेड्याच्या मनांत लहान प्रमाणावर घडत असतें. त्या मुलास आम्हीं स्पिटफायरचा वेग सांगितला होता, पंख सांगितला होता, एंजिनाचा आवाज ऐकविला होता. त्यानें काय केलें हें सांगावयाचें राहूनच गेलें होतें.

तथापि हें वेड अगदींच टाकाऊ आहे असें म्हणावयास आमचें मन धजत नाहीं, आणि याचें कारण इंग्लंडांतील एका आईच्या कृतींत आहे. बेडफर्डशायर परगण्यांत ओल्ड वॉर्डन येथें रिचर्ड शटलवर्थ नांवाचा एक तरुण जुनीं विमानें आणि जुन्या मोटारी जमवीत असे. १९४० सालीं तो वायुदलांत वैमानिक असतां विमान कोसळून मरण पावला. दुसरी एखादी आई तीं सर्व विमानें जाळून टाकती, आणि तिला कोणी नांव ठेवलें नसतें. या बाईनें १९४४ सालीं मुलाच्या स्मरणार्थ एक निधि उभारला, विमानविद्या आणि शेतकी शिकविण्यासाठीं, आणि त्याचीं विमानें राखलीं. त्यांत १९०९ सालचें एक ब्लेरिओ विमान आहे, तें आपल्या मूळ एंजिनासह उडण्याच्या स्थितींत ठेवलेलें आहे. उडणें म्हणजे काय, तर वारा अगदीं पडलेला असेल त्या दिवशीं गवतावरून थोडेंसें उचलावयाचें, सरळ रेषेंत कांहीं अंतर जावयाचें, आणि खालीं बसावयाचें. त्या संग्रहांतील पहिल्या महायुद्धाच्या काळच्या कांहीं विमानांत सबंध एंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरतें, आणि त्यास वंगण म्हणून एरंडेल घालावें लागतें. कारण एरंडेल पेट्रोलमध्यें विरघळून जात नाहीं. त्याचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर उडतात. आमच्या पिढीस लहानपणीं जें नाक दाबून पाजलें गेलें त्याचाच वास तेथील लोक सुगंधाप्रमाणें घेतात, हें वाचून आम्हांस त्यांच्याविषयीं एकदम आपलेपणा वाटूं लागला.

आणि उडवावयाचेंच कशास, नुसतें ठेवलें तर काय बिघडतें? गोव्यांत बोगमाळो येथें नौदलाचें विमानसंग्रहालय आहे. पुतण्यास घेऊन आम्ही तेथें गेलों होतों. १९७१ सालीं विक्रांतवरून उडून चितगांव आणि कॉक्स बाजार यांवर ज्या जातीच्या विमानांनीं हल्ले केले, तें सी हॉक तेथें समुद्राच्या वाऱ्यांत उघड्यावर उभें आहे. मुलानें त्याच्या पोटास हात लावला. उन्हानें पत्रा तापला होता. "हें आतां झोंपलें आहे कीं मेलें आहे?" असें त्यानें विचारलें. उभें असलेलें यंत्र तो कशासाठीं होता हें सांगत नाहीं, उडणारें सांगतें. वादकाकडे न गेलेली सतार भिंतीवर जशी दिसते तसें तें दिसतें. हें कारण आम्हांस अजूनहि खरें वाटतें. परंतु तें पुरेसें आहे काय?

२२ ऑगस्ट २०१५ रोजीं दक्षिण इंग्लंडांत शोरम येथें प्रदर्शनांत कसरत करणारें एक जुनें हॉकर हंटर जेट विमान रहदारीच्या रस्त्यावर कोसळलें आणि अकरा माणसें ठार झालीं. त्यांत फुटबॉलच्या सामन्यास निघालेले दोन तरुण खेळाडू होते. वैमानिक वांचला; २०१९ सालीं न्यायालयानें त्यास निर्दोष सोडलें, आणि त्या निर्णयांत शिरण्याचा आमचा अधिकार नाहीं. पुढें जुन्या जेट विमानांच्या जमिनीवरील कसरतींवर कडक निर्बंध आले. तेव्हां आमच्यासारख्या कित्येकांनीं हळहळ व्यक्त केली, आम्हींहि केली, आणि आज त्याची लाज वाटते. २०१९ सालीं अमेरिकेंत कनेटिकट येथें जुनें बी-१७ विमान पडून सात जण गेले, २०२२ सालीं डॅलस येथें दोन जुनीं विमानें आकाशांत आदळून सहा जण गेले. तें दुःख थोडें नव्हे, परंतु तीं माणसें आपण होऊन त्या विमानांत चढलीं होतीं. शोरमच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांस कोणीं विचारलें होतें? मोटारींनींहि माणसें मरतात, असें उत्तर देतात. मोटार कामास निघालेली असते. येथें काम कांहींच नव्हतें. होता तो केवळ आमचा आनंद. तो आनंद ओल्ड वॉर्डनच्या गवतावर, समुद्रावर, मोकळ्या रानावर घ्यावा. वाटसरूच्या डोक्यावरून घेण्याचा हक्क कोणत्याहि प्रेमास नाहीं, असें आतां आमचें ठाम मत झालें आहे. त्यामुळें जुन्या जेटची कसरत पुन्हां कोठेंच दिसणार नाहीं असें झालें, तरी चालेल.

राहतां राहिली कट्यार. तिला कुंकू आणि विमानास नाहीं, हा पक्षपात कां, असें आम्हीं दिवाळीनंतर एकदां आत्याबाईंस विचारलें. त्या म्हणाल्या, "अरे, त्या कट्यारीनें माझ्या आईला फणस कापतांना मीं पाहिलें आहे. त्यापूर्वीं तिनें काय केलें तें आजोबा सांगत, आणि सांगतांना त्यांना चांगलें वाटत नसे. तुमच्या विमानाचें मला कोणीं कांहीं सांगितलेंच नाहीं. सांगा, मग लावतें."

तेव्हांपासून मुलानें एक वही घातली आहे. सध्यां तो हरिकेन तयार करीत आहे. तेंहि लढाईंतल्या रंगाचें नव्हे, तर बनारसला उघड्यावर पडलेलें, आणि गंजाचा रंग नीट जमत नाहीं म्हणून रोज चिडतो. वहींत त्यानें ४९ हा आंकडा लिहिला, पांच लिहिला, आणि परवां रात्रीं आमच्या खोलींत येऊन विचारलें, "काका, तीं जीं पांच विमानें पडलीं, त्यांत माणसें किती होतीं?"