पंधरा दिवसांची माया



दक्षिण आफ्रिका आणि लेसोथो या देशांच्या सीमेवर ड्राकेन्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. तिचे लेसोथोतील सर्वांत उंच शिखर ३,४८२ मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. जगभरातील तरुण तेथे चढाईला जातात आणि पुष्कळदा त्याच सहलीत आठ-पंधरा दिवस एखाद्या बालगृहातील मुलांना शिकवायला, त्यांच्याशी खेळायला थांबतात. शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींनाही अशा सहलींची ओढ वाटते. सुट्टीही झाली, सेवाही झाली. यात वाईट ते काय?

वाईट हेतू कोणाचाच नसतो, हे आधीच मान्य करू. पण मुलाच्या बाजूने पाहू या. नवा दादा येतो, खांद्यावर घेतो, नाव लक्षात ठेवतो. मूल त्याला बिलगते. पंधराव्या दिवशी दादा विमानात बसतो आणि सोमवारी दुसरी ताई येते. लिंडा रिक्टर आणि एमी नॉर्मन यांनी २०१० साली दक्षिण आफ्रिकेतील अशा सेवेबद्दल लिहिताना नेमके यावरच बोट ठेवले. एड्समुळे आईवडील गमावलेल्या लहानग्यांना हा जिव्हाळा जुळण्या-तुटण्याचा फेरा पुन्हा पुन्हा सोसावा लागतो. पाहुण्याला पाहताच धावत येऊन मिठी मारणारे मूल आपल्याला आनंदी वाटते. ते मायेला भुकेलेले असू शकते. शिवाय पाहुणे पैसे देऊ लागले की मुले दाखवण्याचा धंदा होतो, आणि आई किंवा बाप जिवंत असलेली मुलेही ‘अनाथ’ म्हणून ठेवली जातात. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही आपल्या ठरावात या धोक्याची दखल घेतली.

आपण केडगावकरांनी याचा विचार जरा जास्तच करायला हवा, कारण पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आपल्याच गावात आहे. रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण त्यांचे उदाहरण येथे सोडून चालणार नाही. प्रवास त्यांना आफ्रिकेला जाणाऱ्या कोणत्याही तरुणापेक्षा जास्त ठाऊक होता. जन्म डोंगरातल्या रानात, बालपण आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी तुडवण्यात. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, तरी भावाबरोबर चालणे सुरूच राहिले. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि मुलींना घेऊन परतल्या. पुढे १९०० च्या दुष्काळानंतर येथे सुमारे दोन हजार जणी होत्या. त्यांना विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवले गेले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई येथेच वारल्या. मिनी अब्राम्स ही अमेरिकन बाईही १८९८ साली मुक्तीत आली ती मुलींना पाहून परत जाण्यासाठी नव्हे. पुढची कित्येक वर्षे ती येथे राबली.

मग ज्याच्याकडे पंधराच दिवस आहेत त्याने काहीच करू नये का? असे आम्ही म्हणत नाही. छप्पर दुरुस्त करता येते, विजेची जोडणी करून देता येते, कायम तेथेच राहणाऱ्या शिक्षिकेला एखादे कौशल्य देता येते, एका दाईचा वर्षाचा पगार भरता येतो. यांतल्या कशातही मुलाच्या गळ्यात पडावे लागत नाही. (फोटोही निघत नाहीत, ही अडचण खरी!) फोटोवरून आठवले: आपल्याकडे २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई करते. नाताळात केक घेऊन बालगृहात जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही मोबाईल बाहेर काढण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे. केक मुलांना आवडतो, यात शंका नाही. पण दर गुरुवारी तीच ताई गणित शिकवायला आली, तर एखादी मुलगी गुरुवारची वाट पाहील आणि तिची वाट पाहणे वाया जाणार नाही. हे आफ्रिकेहून येणाऱ्याला जमणार नाही. येथून सायकलवर जाणाऱ्याला जमते.

डोंगर चढायला जाणाऱ्याने तर खुशाल जावे. लेसोथोच्या वाटाड्याला त्याची पुरती मजुरी द्यावी, गावकऱ्याच्या घरी पैसे देऊन मुक्काम करावा. त्या पैशावर त्या घरातील मुले आपल्याच आईवडिलांजवळ राहतात.