शेवटचा थेंब कोणाचा?

बाटली संपली असे आपण म्हणतो, तेव्हा ती खरोखर संपलेली असते का? प्रश्न पोरकट वाटेल. पण ज्या घरात महिन्याचे सामान मोजूनमापून येते, त्या घरातल्या बाईला विचारून पाहा. बाटली दोनदा संपते, असे ती सांगेल. पहिल्यांदा, उपडी केली तरी काही पडत नाही तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, त्यानंतर आठ दिवसांनी, अगदी खरोखरीची.

या आठ दिवसांत काय काय होत नाही! शाम्पूच्या बाटलीत चमचाभर पाणी घालून ती खळखळून घेतली जाते. टूथपेस्टच्या ट्यूबवर लाटणे फिरते आणि शेवटी कात्री चालते. थिजलेल्या खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली जाते. सॉसची बाटली टोपणावर उभी राहते. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत गरम भात कालवला जातो आणि तळाचा खार लागलेला तो घास मुले भांडून खातात. रमजानच्या अखेरच्या दिवसांत सरबताच्या बाटलीत पाणी घालून हलवले की इफ्तारीला फिकट गुलाबी रंगाचा आणखी एक पेला निघतो. अत्तराच्या कुपीत कापसाचा फाया फिरवला की ईदची सकाळ भागते.

आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. बोरूने लिहिण्याच्या जुन्या रीतीत दौतीत सूफ घालत असत, म्हणजे रेशमी धाग्यांचा किंवा चिंधीचा बोळा. तो शाई धरून ठेवी, सांडू देत नसे आणि बोरूला मोजकीच शाई देई. शाई सुकली की सूफवर थोडे पाणी शिंपडायचे, की आणखी चार ओळी लिहून होत. शेवटच्या थेंबाची सोय आधीपासूनच करून ठेवणारी ही दौत आम्हाला फार शहाणी वाटते.

पण याच सवयीला लोक हसतात. 'कंजूस, मक्खीचूस' म्हणतात. तेव्हा मूळ प्रश्न असा, की बाटलीचा तळ खरवडणे ही काटकसर की चिकटपणा? आणि या दोहोंमधली रेघ नेमकी कुठे ओढायची?

आधी थोडा हिशेब पाहू. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन मासिकाने २००९ मध्ये केलेल्या तपासणीत, बाटली संपली असे वाटल्यावरही अंगाला लावायचे लोशन एक चतुर्थांशापर्यंत आत राहिलेले आढळले. कपडे धुण्याचा पातळ साबण १६ टक्क्यांपर्यंत, तर मोहरीची चटणी, टोमॅटोचा सॉस असले पदार्थ १५ टक्क्यांपर्यंत उरलेले होते. यात वापरणाऱ्याचा दोष कमी आणि पदार्थाच्या स्वभावाचा भाग जास्त. पाणी आपल्या वजनाने वाहते; सॉस मात्र जोराचा धक्का मिळेपर्यंत हटून बसतो. शिवाय भिंतीला लागलेला थर भिंतीला धरूनच राहतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी बाटलीच्या आतून द्यायचा एक निसरडा लेप तयार केला आणि २०१२ मध्ये सॉसची बाटली एका झटक्यात मोकळी करून दाखवली. म्हणजे उपाय माणसाच्या हाती आहे. तो प्रत्येक बाटलीत का नाही, हा प्रश्न विज्ञानाच्या पलीकडचा आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही गणिताच्या तासाला मुलांना सांगतो. भांडे जितके लहान, तितका आतल्या मालाच्या मानाने भिंतीचा वाटा मोठा. एक लिटरच्या डब्यापेक्षा छोट्या पुडीत चिकटून वाया जाणारा हिस्सा प्रमाणाने अधिक असतो. आता लहान पुडी कोण घेतो? ज्याच्या हाती एका वेळी मोठ्या डब्याचे पैसे नसतात तो. म्हणजे ज्याला वाया घालवणे परवडत नाही, त्याच्याच वाट्याला वाया जाणारा माल अधिक येतो. अशा माणसाने पुडी फाडून आतून बोट फिरवले, तर त्याला चिक्कू म्हणणाऱ्याने आधी हे गणित सोडवावे.

पूर्वी किराणा दुकानात गोडेतेल सुटे मिळत असे. दुकानदार माप भरून नरसाळ्यातून तेल गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओती. चांगला दुकानदार माप लगेच उचलत नसे. ते उपडे धरून निथळू देई. गिऱ्हाईकही तोवर बाटली हलवत नसे. मापाला चिकटलेले तेल कोणाचे, याबद्दल दोघांच्याही मनात शंका नव्हती. ते गिऱ्हाइकाचे. घाई करून माप उचलणारा दुकानदार दर खेपेला थेंबभरच मारी, पण दिवसाअखेरी त्याच्या डब्यात पावशेर तेल उरे. कुराणातील ८३वी सूरह, 'मुतफ्फिफीन', हिचे नावच मापात मारणाऱ्यांवरून पडले आहे. एका थेंबाचा प्रश्न किती गंभीर मानला गेला, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

आज माप आणि बाटली एकच झाली आहे. आपल्याकडे वैधमापनाचा कायदा २००९ चा आणि वेष्टनातील मालाचे नियम २०११ चे आहेत. त्यांनुसार आत भरलेल्या मालाचे निव्वळ वजन किंवा माप बाहेर छापावे लागते. त्यातले हाती किती येते, हे छापील आकडा सांगत नाही. कारखान्याने माप पुरते भरले, कायदा पाळला. तरी भिंतीला चिकटलेल्या मालाचे पैसे गिऱ्हाइकाने मोजलेलेच असतात. तेव्हा तळ खरवडणारी बाई कोणाकडे काही मागत नाही. जुन्या दुकानदाराने जे माप निथळू दिले असते, ते ती स्वतःच्या हाताने निथळून घेते. आपल्या हक्काचे घेण्याला कंजुषी म्हणत नाहीत.

आता आपल्या शिकवणुकीकडे वळू. जेवण झाल्यावर ताटली आणि बोटे चाटूनपुसून स्वच्छ करावीत, असे हदीसमध्ये आले आहे, आणि त्याचे कारणही दिले आहे: अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे आपल्याला माहीत नसते. आम्हाला हे कारण फार विचार करण्याजोगे वाटते. पैसे वाचतात म्हणून पुसून घ्या, असे इथे सांगितलेले नाही. पहिला घास मोलाचा आणि शेवटचा बिनमोलाचा, हे ठरवणारे आपण कोण, असा त्याचा रोख आहे. दुसरीकडे, सूरह बनी इस्राईलमध्ये हात मानेशी बांधून ठेवू नये आणि तो पूर्ण मोकळाही सोडू नये, असा मध्यम मार्ग सांगितला आहे. इस्राफ नको आणि बुख्लही नको. दोन्ही टोके वर्ज्य.

या मध्यम मार्गावर चालणे किती नाजूक आहे, हे अरबी साहित्यातल्या एका गोष्टीवरून कळते. नवव्या शतकात बसऱ्याचा लेखक अल-जाहिज याने 'किताब अल-बुखला', म्हणजे कंजुषांचे पुस्तक, लिहिले. त्यात मुआजा अंबरिया नावाची एक विधवा आहे. तिला कोणीतरी कुर्बानीचे मेंढरू भेट देते आणि ती चिंतेत पडते. कारण त्याचा कणभरही वाया जाऊ नये, असे तिला वाटते. शिंगाचा ती आकडा करते, टोपली टांगायला. आतड्यांची दोरी, हाडांची चरबी दिव्याला, कातड्याची पिशवी, लेंड्यांचे सरपण. एवढे झाल्यावर अडते ते रक्तापाशी. ते खायला तर हराम. पण म्हणून ते निरुपयोगी असेल, हे तिला पटत नाही. अखेर तिला आठवते, की नवी मातीची भांडी अशा रक्ताने माखली की टिकाऊ होतात. आणि तिच्या जिवावरचे ओझे उतरते.

जाहिजने तिला कंजुषांच्या रांगेत बसवले. वाचणारा हसतो. पण हसून झाल्यावर आम्हाला विचारावेसे वाटते, की या बाईने नाडले कोणाला? कोणाच्या तोंडचा घास तिने काढला? तिने पिळले ते मेंढरू, माणसाला पिळले नाही. आमच्या मते रेघ इथेच आहे. काटकसर वस्तूवर चालते. तीच माणसावर चालू लागली की बुख्ल सुरू होतो.

आता ही रेघ आपल्या घरांतून ओढून पाहू. बाटलीचा तळ खरवडायचे काम बहुधा घरातल्या बाईवर पडते, आणि नवी बाटली आधी कोणासाठी उघडायची हे मात्र दुसरेच ठरवतात. सुनेने ट्यूब कापून वापरायची आणि लेकाने नवी उघडायची, ही काटकसर नव्हे. काटकसर घरातल्या सगळ्यांची मिळून असते. एकट्या माणसाच्या माथी मारलेल्या काटकसरीला जुलूम म्हणतात.

दुसरे उदाहरण याहून अवघड आहे. तळाशी दोन बोटे उरलेले शाम्पू, वास उडालेली पावडर, तारीख उलटून गेलेले क्रीम आपण कामवाल्या बाईच्या हातावर ठेवतो, आणि सदका दिल्याचे समाधान मानतो. सूरह बकराच्या २६७व्या आयतीत नेमके यावर बोट ठेवले आहे: जी वस्तू स्वतःला मिळाली तर आपण डोळेझाक करूनच घेऊ, तसली वस्तू दान करायला निवडू नये. उरलेला थेंब स्वतः वापरणे ही काटकसर. तोच दुसऱ्याला देऊन त्यावर पुण्य लिहून घेणे म्हणजे खुदाशीच मापात मारणे. द्यायचेच असेल तर भरलेली बाटली द्यावी आणि तळ आपल्यासाठी ठेवावा.

काही ठिकाणी शेवटच्या थेंबाचा मोहच टाळला पाहिजे. मुलाच्या तापासाठी आणलेल्या, पाणी घालून बनवायच्या अँटिबायोटिक औषधाची मुदत थोड्या दिवसांची असते. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करून उरलेले पुढच्या तापासाठी राखून ठेवणे धोक्याचे. डोळ्यांचे थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात. संडास धुण्याचे आम्ल आणि कपड्यांचे ब्लीच, दोन्हींचे तळ एका बाटलीत ओतले तर विषारी वायू निघतो. जीव ही तर सर्वांत मोठी अमानत. थेंबासाठी ती पणाला लावणे हा उलटा इस्राफ झाला.

राहिली आपल्या समाजाची गोष्ट. वर्षभर घरात ट्यूब लाटण्याने लाटायची, आणि वलीम्याच्या रात्री देगेतली उरलेली बिर्याणी उकिरड्यावर टाकायची, हे आपण सगळेच पाहतो. चार भिंतींच्या आत थेंबाचा हिशेब आणि मंडपात डेगांचा बेहिशेब. लोक पाहत नाहीत तिथे आपण काटकसरी असतो, आणि लोक पाहतात तिथे आपल्याला काटकसरीची लाज वाटते. मग बाटली खरवडण्यामागचे आपले कारण नेमके कोणते होते? बरकतीवरची श्रद्धा होती, तर ती मंडपाच्या दाराशी का थांबली? केवळ तंगी होती, तर त्याच तंगीत मंडपासाठी कर्ज कसे काढले?

शाळेत आम्ही मुलांना वही शेवटच्या पानापर्यंत लिहायला लावतो, पेन्सिल बोटात धरवेनाशी होईपर्यंत वापरायला सांगतो. त्यांतल्या काहींना ही गरिबीची खूण वाटते. त्यांना आम्ही एवढेच सांगतो, की ज्याच्याकडे दहा वह्या आहेत त्यानेही शेवटचे पान लिहावे, आणि ज्याच्याकडे एकही नाही त्याला कोरी वही द्यावी, अर्धी लिहिलेली नव्हे. शेवटच्या थेंबाविषयी यापेक्षा वेगळे काही सांगण्यासारखे आमच्यापाशी नाही.