हडळीची ओटी

सोलापूरच्या गड्ड्यात भूतबंगल्याच्या पडद्यावर रंगवलेली बाई यंदाही तीच होती. पांढरी साडी, मोकळे केस, उलटी पावलं. "मामा, भुतं म्हणजे बायकाच का हो?" भाचीनं विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तिनंच देऊन टाकलं. तिला जपानी भयपटांचं वेड. जिवंतपणी जिला कुणी विचारलं नाही, तिला मेल्यावर सगळे टरकतात. हीच म्हणे बाईची ताकद. मला ते तेव्हापासून खुपतंय. मेल्यावर दिलेला हक्क देणाऱ्याला फुकटच पडतो.

आणि आपली सगळी भुतं बायका कुठं आहेत? वेताळ आहे, खवीस आहे, समंध आहे. फक्त त्यांची वर्गवारी बघा. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन खेड्यापाड्यांतल्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती जमवायचा. १९०९ च्या डिसेंबरात अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो विजयानंद थिएटरात 'शारदा' बघायला आला होता. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधण्यावरचं नाटक! जॅक्सनची टिपणं पुढं एन्थोव्हेननं कोकणावरच्या पुस्तकात १९१५ साली छापली. त्यात मुंजा हा ब्राह्मणाचा पोरगा. पुरुषाची जात मेल्यावरही सुटत नाही. बाईचं मात्र एवढंच बघतात, की ती बाळंतपणात गेली की विधवा म्हणून. पहिली हडळ, दुसरी लावसट.

जपानातही निराळं नाही. १८२५ च्या काबुकी नाटकातली ओइवा नवऱ्याच्या हावेपायी जाते, दंतकथेतली ओकिकू मोलकरीण विहिरीत.

माझ्या लेखी खरा फरक बाईभूत-पुरुषभूत हा नाहीच. समजूत पटणारं भूत आणि न पटणारं भूत, असा आहे. आपण समजूत काढण्यात पटाईत. ओटी भरा, साडीचोळी द्या, सवाष्ण जेवू घाला. दुसरेपणावर आलेली बायको पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालायची, म्हणजे सवत शांत. नवऱ्याच्या गळ्यात काहीच नाही.

भाचीला गप्प करायला मी 'लपाछपी' पुढं करणार होतो. विशाल फुरियांचा २०१७ चा सिनेमा. उसाच्या फडातलं घर, गरोदर नेहा आणि उषा नाईकांची तुळसाबाई. आमच्या जिल्ह्यात ऊस दाराशी असतो, त्यामुळं ती भीती जरा जास्तच लागते. तिथं मुळाशी आहेत मारलेल्या मुली, आणि भुतापेक्षा जिवंत माणसं भयंकर. हे चांगलंच आहे. पण त्यातली मेलेली बाई शेवटी आपल्या सहानुभूतीला पात्र ठरते. भूत झाली तरी गुणाचीच!

जपानी दिग्दर्शक नाकाताच्या १९९८ च्या 'रिंग'मधलं सदाकोचं भूत असली सवलत देत नाही. तिची टेप पाहिली की मरण, नक्कल करून दुसऱ्याला दाखवली तरच सुटका. मूळ कादंबरीतला पुरुष पत्रकार सिनेमात रेको नावाची एकटी आई झालाय. ती विहिरीत उतरते, सदाकोचा सांगाडा छातीशी धरते. आपल्याकडं इथं ओटी भरून झाली असती. तिथं दुसऱ्या दिवशी टीव्हीतून सदाको बाहेर येते आणि रेकोच्या आधीच्या नवऱ्याला मारते. त्याचा तर काही गुन्हाही नव्हता, उलट तो मदतच करत होता.

याला न्याय म्हणता येणार नाही, आणि भाची म्हणते तसा विजयही नाही. पण तडजोडीला नकार आहे, आणि तेवढ्यापुरतं मला आता सदाकोच पटते. सिनेमा संपतो तेव्हा रेको मुलाला वाचवायला ती टेप घेऊन स्वतःच्या वडिलांकडं निघालेली असते. सदाकोला विहिरीत ढकललं होतं तेही बाप म्हणवणाऱ्यानंच.